न घेतलेल्या तीन मुलाखती

माझं अक्षर चांगलं होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. सातवीच्या वर्गात आम्ही एकोणीस जण होतो. कुणाला वाऱ्यासारखं पळता यायचं, कुणाला चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढता यायचं, एकीला तर नुसती शिट्टी वाजवून चालता बैल थांबवता यायचा. पण असल्या गोष्टींना शाळेत गुण नसतात. अक्षराला असतात. त्यामुळे फळ्यावरचा सुविचार मी लिहायची, गुरुजींचे तालुक्याला जाणारे अर्ज मी लिहायची, आणि गावातल्या लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावंसुद्धा मीच टाकायची. हे करताना माझं नाक जरा वरच असायचं. आज ती मुलगी समोर आली तर तिला एक टपली मारल्याशिवाय मी सोडणार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव नाशिकच्या बाहेर, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, चार खोल्यांची. हेडमास्तरांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. ते ढाली आणि चषक ठेवायला म्हणून करून घेतलेलं. प्रत्यक्षात त्यात खडूंचे खोके, एक पृथ्वीचा गोल आणि बाटलीत घातलेला विंचू होता. आमचे हेडमास्तर, ज्यांना सगळं गाव नुसतं गुरुजी म्हणायचं, येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्या कपाटात एक तरी ढाल ठेवून जावं असं त्यांच्या फार मनात होतं. तसं ते कधी बोलले नाहीत. पण दर शनिवारी शाळा सुटली की ते स्वतःच्या रुमालानं त्या कपाटाची काच पुसायचे, आणि आतला विंचू आणखी स्वच्छ दिसायला लागायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी वरून एक परिपत्रक आलं. जिल्ह्यातल्या शाळांची हस्तलिखितांची स्पर्धा होती. हस्तलिखित म्हणजे मुलांनी स्वतः मजकूर जमवून, हातानं लिहून, चित्रं काढून तयार केलेला अंक. एकच प्रत. विषय दिला होता, आपलं गाव आणि आपली माणसं. खाली एक ओळ होती, ‘लोकसहभागास स्वतंत्र गुण राहतील.’ गुरुजींनी ती ओळ तीनदा वाचली. पळण्यात आम्ही शहरातल्या शाळांपुढे टिकत नव्हतो, शिष्यवृत्तीला आमची मुलं बसायची आणि उठायची. पण लोकसहभागात आमच्या गावाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे एकाच्या घरी चुलीवर भाजी करपली तरी सहभागी व्हायला दहा जण येतात.

गाव कामाला लागलं. शिंप्यानं बांधणीची शिवण घालून दिली. द्राक्षांच्या पॅकहाऊसवाल्यानं कव्हरसाठी जाड पुठ्ठा दिला. तो खोक्याचाच होता, त्यावर बाण काढून ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं, म्हणून वरून जांभळं कापड चिकटवलं. बायकांनी पानांच्या कडांना रांगोळीसारखी नक्षी काढली. एक जण तर रोज संध्याकाळी येऊन नुसतंच विचारायचा, कुठवर आलं म्हणून. तोही सहभागच.

माझ्याकडे दोन कामं होती. सगळा अंक सुवाच्य उतरवणं हे एक. दुसरं म्हणजे गावातल्या तीन ज्येष्ठांच्या मुलाखती. समोर बसायचं, प्रश्न विचारायचे, सांगतील ते लिहायचं. गुरुजींनी प्रश्नसुद्धा काढून दिले होते.

पहिले आबा. ते पिंपळगावच्या कांदामार्केटात मापारी होते, म्हणजे काट्यावर पोती तोलायचं त्यांचं काम. तीस वर्षं ते केलेलं. दुसरे तात्या, तरुणपणी कुस्त्या केल्या म्हणून मिशी राखून असलेले. आणि तिसरी नदीकाठच्या मळ्यातली आजी. ती माझी सख्खी आजी नव्हे, पण तिला सगळेच आजी म्हणत. मेथी-कोथिंबीर पिकवायची आणि जुड्या बांधून टेम्पोनं नाशिकला पाठवायची.

मी आधी आजीकडे गेले. मेथीचा हा एवढा ढीग पुढ्यात घेऊन ती बसली होती. मी वही काढली. ती म्हणाली, “बस पोरी. येवढ्या जुड्या बांधू दे, मंग सांगते. थांब जरा.”

मी थांबले. माझ्या आठवणीप्रमाणे तासभर थांबले. खरं तर दहा मिनिटं झाली असतील. मग मी उठले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली आणि मी मामाकडे देवळ्याला निघून गेले. वही बरोबर होती.

देवळ्याला घरातले सगळे कांद्याची रोपं लावायला शेतात जायचे. घरी मी, एक मांजर आणि ती वही. दोन दुपारींत मी तिन्ही मुलाखती लिहून काढल्या. हात नुसता पळत होता. मामी शेतातून आली, खांद्यावरून वहीत डोकावली आणि म्हणाली, “हाई काय शे?”

मी म्हटलं, “मुलाखत.”

तिनं घरभर नजर फिरवली. “मंग तो मानूस कथा शे?”

माणूस त्याच्या घरी आहे, असं मी सांगितलं. मामीनं मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाय धुवायला निघून गेली.

आबांबद्दल मी लिहिलं की पोतं जमिनीवर आपटल्याच्या नुसत्या आवाजावरून त्यांना त्याचं वजन कळायचं, आणि भले भले व्यापारी त्यांच्या कानापुढे काटा खोटा मानायचे. त्यांची सासुरवाडी मला माहीत नव्हती. पिंपळगाव लिहून टाकली. तात्यांबद्दल लिहिलं की एकदा शेजाऱ्याचं वासरू विहिरीत पडलं तेव्हा त्यांनी अंगातला सदरासुद्धा न काढता उडी मारली आणि वासरू काखेत धरून वर आणलं. काखेत वासरू धरून विहीर कशी चढतात, हा प्रश्न मला पडला नाही.

आजीपाशी आल्यावर मात्र माझी अक्कल संपली. जुड्या बांधणारी बाई. तिच्यात लिहिण्यासारखं काय असणार? मी सहा ओळी लिहिल्या. कष्ट केले, मुलं वाढवली, कुणाला दुखावलं नाही. शेवटी लिहिलं, ‘आजी निरक्षर होत्या. परंतु उतारवयात आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यांना लिहावयास व वाचावयास शिकविले.’

हे वाक्य मात्र खरं होतं. पाचवीत असताना साक्षरतेचं अभियान आलं होतं, तेव्हा प्रत्येक मोठ्या मुलाला शिकवायला एकेक माणूस वाटून दिला होता. माझ्या वाट्याला आजी आली. हिवाळाभर संध्याकाळी मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. ती फार चुकायची. ण काढताना तर तिची हमखास फजिती व्हायची. मी डोक्याला हात लावायची, मग तिचा हात धरून गिरवून घ्यायची. त्याचं मला प्रमाणपत्रही मिळालं होतं. सगळ्या मुलाखतींत एवढी एक गोष्ट खरी आहे, ह्याचा मला त्या दिवशी थोडा आधारसुद्धा वाटला.

आमचं हस्तलिखित तालुक्यात पहिलं आलं. गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली आणि माईकवरून अख्खा अंक गावाला वाचून दाखवला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्या दिवशी ताप आणला असता. मी खांबाआड बसले. 

आबांची मुलाखत संपली. पोत्याच्या आवाजाचं ऐकून सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबांनी स्वतःही आधी वळून मागे पाहिलं, मग त्यांना समजलं की आपल्याबद्दलच चाललंय. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि शांतपणे म्हणाले, “हां. व्हतं तसं.”

मी गार पडले. त्याहून गार पडले ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा चार जणांनी आबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि त्यांच्या मागे कांद्याचं पोतं आदळलं. आबांनी डोळे मिटले. “बावन्न,” म्हणाले. काट्यावर भरलं साडेएक्कावन्न. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कांद्याचं पोतं भरलं की ते पन्नासच्या आसपासच भरतं, हे त्या चौघांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही.

तात्यांच्या घरी जरा वेगळं घडलं. त्यांची बायको पारावरच ओरडली होती, “कोनती हीर? ह्या मानसाला नदीत घोट्यापर्यंत उतरवायला दोन जन लागतात!” तात्यांनी तिच्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गिरणीपाशी गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “पोरी, उडी मारली ती कोनती हीर लिवली तू? तेवढं सांगून ठेव. लोकं इचारतात ना.”

मी म्हटलं, “विहिरीचं नाव नाही लिहिलं, तात्या.”

“ब्येस केलं,” म्हणाले, आणि मिशीवर हात फिरवत निघून गेले.

गुरुजींना ह्यातलं काय ठाऊक होतं, हे मला आजवर उलगडलेलं नाही. एकदा फक्त त्यांनी कपाट पुसता पुसता विचारलं, “तात्या पोहायला कधी शिकले गं?” मी म्हटलं, “आधीपासून येतं त्यांना, गुरुजी.” “बरं,” एवढंच म्हणाले, आणि काचेवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसायला लागले. त्या क्षणी खरं सांगून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला त्या पाठमोऱ्या माणसाचा खांदा दिसत होता, आणि जिल्ह्याचा निकाल महिन्यावर आला होता.

मग पत्र आलं. अंतिम फेरीतल्या शाळांना अधिकारी भेट देतील आणि मुलाखती दिलेल्या ज्येष्ठांशी प्रत्यक्ष बोलतील.

माझं धाबं दणाणलं. गावाचं मात्र काही दणाणलं नाही. गावाला हे पत्र म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक वाटलं. परीक्षा म्हटली की सराव हवा. ज्येष्ठांचं वय झालेलं, ऐनवेळी आठवेल न आठवेल, तेव्हा पाठ करून घेतलेलं बरं, असं सगळ्यांचं एकमत झालं. आठवडाभर शाळेच्या ओट्यावर उजळणी चालली. आम्ही मुलं अंक समोर धरून प्रश्न विचारायचो आणि आबा आणि तात्या स्वतःच्या आयुष्यावर उत्तरं द्यायचे. तात्यांचं पाठांतर पक्कं होतं. आबांचं मात्र एका ठिकाणी अडायचं.

“आबा, तुमची सासुरवाडी?”

“चांदवड.”

“आबा! पिंपळगाव!”

“अरे हां. पिंपळगाव.”

हे आबांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी ऐकलं. चाळीस वर्षं संसार करून आपल्याच नवऱ्याकडून आपलं माहेर असं हलवलं जातंय हे पाहून त्या पदर खोचून ओट्यावर आल्या. सरपंचांनाच मध्ये पडावं लागलं. ते म्हणाले, “वहिनी, एक दिवस पिंपळगावची झाली तर काय बिघडतं? शाळेसाठी.” काकूंनी खूप वेळ विचार केला. शेवटी म्हणाल्या, “एकच दिस. आन् ह्यांनी पुन्हा घरात तसं म्हनायचं नाय.” त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. एका बाईचं माहेर मी पेनाच्या एका फटक्यात उडवलं होतं, आणि ती ते शाळेसाठी सोसायला तयार झाली होती.

आजी उजळणीला एकदाही आली नाही. तिच्या सहा ओळी, त्यात काय उजळायचं, म्हणून कुणी बोलावलंही नाही.

अधिकारी म्हणून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. सगळं गाव शाळेच्या पटांगणात जमलं होतं. बाईंनी हार घेतला, चहा घेतला आणि लगेच अंक उघडून बसल्या. आबांनी पोत्याचा प्रयोग करून दाखवला, पन्नास सांगितलं आणि पन्नासच भरलं. सासुरवाडी विचारल्यावर ते एका दमात म्हणाले, “पिंपळगाव,” आणि काकूंनी आभाळाकडे पाहिलं.

मग तात्या. बाईंनी विचारलं, “कोणती हो विहीर?”

हा प्रश्न सरावात नव्हता. तात्यांनी क्षणभर दम घेतला आणि हात लांब करून समोरच दिसणारी विहीर दाखवली. ती पंचायतीनं तीनच वर्षांपूर्वी खणलेली होती. ज्यांनी ती खणली ते तिघे पुढच्याच रांगेत बसले होते. अख्खं गाव त्या विहिरीकडे वळून पाहू लागलं, गंभीर चेहऱ्यानं, जणू आत अजून वासरू आहे. कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढा लोकसहभाग मी पुन्हा आयुष्यात पाहिला नाही.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. गुरुजींचा चेहरा हळूहळू उजळायला लागला होता. आता फक्त आजी उरली होती, आणि तिच्या बाबतीत तर मला काहीच काळजी नव्हती.

आजी ओट्याच्या कडेला मेथीचं टोपलं घेऊन बसली होती. साडेचारला टेम्पो येतो, तुमच्या बाई आल्या तरी तो थांबणार नाही, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी तिला तिच्या सहा ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि विचारलं, “बरोबर आहे ना, आजी?”

आजी म्हणाली, “नाय.”

 पोतं ऐकून वजन सांगणाऱ्याला गावानं पचवलं होतं, न बुडालेलं वासरू पचवलं होतं, आणि जी एकच गोष्ट खरी होती तिला आजी नाही म्हणत होती. मला तर तिचा रागच आला.

“काय नाही?” बाईंनी विचारलं.

“मला ह्या पोरांनी नाय शिकवलं. मला येतंच व्हतं. मी ह्याच शाळेत तिसरी पास झाले. तव्हा इथं एकच खोली व्हती.”

“पण आजी!” मी उभीच राहिले. “मी तुला शिकवलं! तुझा ण चुकायचा!”

“मुद्दाम चुकायची मी,” आजी म्हणाली. “येवढ्याशा पोरी तुम्ही, एवढ्या हौसेनं पाटी घेऊन आल्या. तुम्हाला कसं सांगू, मला येतं म्हनून? आन् तू शिकवायची बी झ्याक. हात धरून. मला बरं वाटायचं.”

लोक हसले. कुणी तरी टाळीसुद्धा दिली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. माझं प्रमाणपत्र घरी भिंतीला चौकटीत लावलेलं होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंक मिटला. “मुलाखत कुणी घेतली?”

मी हात वर केला.

“ह्या आजींसमोर बसून घेतलीस?”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली, स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. उत्तर आजीनंच दिलं. “आली व्हती ती. मीच म्हटलं थांब, जुड्या बांधू दे. थांबली नाय.” मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता, ती म्हणाली, “खोटं लिव्हायचं तर लिव्ह बये. पन निदान समोर बसून तोंड तरी बघून घ्यायचं मानसाचं.”

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाक ओढत, बेढब. बाईंनी ते संपू दिलं. मग अंकाची शेवटची पानं उघडली. ती पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी कोरी ठेवली होती. त्यांनी पिशवीतलं स्वतःचं पेन काढून मला दिलं आणि म्हणाल्या, “आता बस. आजी सांगतील ते लिही.”

निकाल इथेच सांगून टाकते. ढाल आम्हाला मिळाली नाही. तिसऱ्या क्रमांकाचं एक प्रमाणपत्र आलं. ते विंचवाच्या बाटलीला टेकवून गुरुजींनी कपाटात ठेवलं, मे महिन्यात शांतपणे निवृत्त झाले, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढे मी नोकरीला लागले, इंदिरानगरला घर केलं, माणसांच्या मुलाखती घ्यायचंच काम माझ्या वाट्याला आलं. दोन हजारच्या पुढेमागे एकदा गुरुजींना भेटायला गेले तेव्हाही मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि त्यांनी चहाच पुढे केला. पण ती दुपार माझ्यापुरती निकालाशी संपली नाही.

मी आजीसमोर बसले. ती जुड्या बांधत सांगत गेली.

तिच्या तरुणपणी गावातले चांगले आठ-दहा बापे पलटणीत होते. त्यांची पत्रं यायची. घरातल्या पुरुषांना वाटायचं की बायका ती शाळेतल्या एखाद्या पोराकडून वाचून घेतात. बायका आणायच्या आजीकडे. मेथीच्या वाफ्यात, निंदता निंदता, ती पत्रं वाचायची.

“आन् काय असायचं त्यात?” आजी म्हणाली. “म्हशीला पेंड घाला. आईचं दुखनं कसं हाय. छपराला पत्रा टाका. बाकी ठीक. अरे, बाकी ठीक? समोर ती बाई बसलेली, हातातलं खुरपं तसंच, डोळ्यांत जीव आनून माझ्या तोंडाकडं बघून ऱ्हायली. तिला म्हशीचं काय वाचू मी? मंग मी घालायची आपलं. की तुझी लय याद येते. की इथं जेवताना तुझ्या हातची भाकर आठवते.”

ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायका खुदखुदायला लागल्या. त्यांच्यातल्या काहींना हे आज कळत होतं, काहींनी तेव्हाच ओळखलं होतं. पुरुष मात्र सगळे सुन्न. आबांनी टोपी काढली आणि पुन्हा घालायला विसरले.

“कुणाला कळलं नाही?” मी विचारलं. गुरुजींनी काढून दिलेल्या प्रश्नांत हा नव्हता. हा मला खरोखर पडला होता.

“एकाला कळलं. सुट्टीवर आला, तर त्याची बायको सारखी म्हनायची, तुम्ही पत्रात असं लिवलं, तुम्ही तसं लिवलं. तो चक्रावला. हुडकत हुडकत माझ्या मळ्यात आला. मी म्हटलं, झालं, आता हा गावभर करनार. तर तो बांधावर उभा ऱ्हायला आन् खाली बघून म्हनतो, वहिनी, मी पुढल्या पत्रात काय लिवनार हाय, ते मला आत्ताच सांगून ठेवा. निदान घरी गेल्यावर मला माहीत पाहिजे.”

पटांगण फुटलं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. गुरुजी हसत होते, तोंडावर रुमाल धरून, तोच काच पुसायचा. मी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मलाही हसू आवरत नव्हतं. माझं सगळं अक्षर बिघडलं होतं.

हसू ओसरायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, “आन् माझी?”

सगळे वळले. माई उभी होती. माई आमच्याच आळीतली, फुलांचा मळा करायची, त्या दिवशीचा हारही तिनंच केलेला. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत पलटणीत गेला तो परत आला नाही. त्याची पत्रं तेवढी तिच्याजवळ होती. ती तिला कधीच वाचता आली नव्हती. साक्षरतेच्या वर्गालासुद्धा ती आली नव्हती, मला कशाला आता, म्हणाली होती.

“माझ्या पत्रांत बी घातलं का तू?” तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता. पण तिनं शेजारच्या बाईचा दंड धरला होता.

मी आजीकडे पाहिलं. समोरच बसले होते, हातभर अंतरावर. आजीनं मान वर केली नाही. जुडी तिच्या हातात होती.

“तुझ्या पत्रात?” ती म्हणाली. “तुझ्यात मला काय बी घालावं लागलं नाय, बाई. तुझा नवरा लय लिव्हायचा. वाचता वाचता मीच दमायची.”

 माईनं पदरानं तोंड पुसलं आणि खाली बसली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ह्यापूर्वी कुठल्याच म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. ती लाजली होती.

आजीच्या हातातली जुडी केव्हाच बांधून झाली होती. तरी ती त्याच जुडीला सुतळी गुंडाळत होती. एक वेढा, दुसरा, तिसरा. माझं पेन थांबलं. बाईंनीही ते पाहिलं असावं, कारण त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “लिही की.”

मी लिहिलं. एकही शब्द माझ्या पदरचा न घालता, आजी बोलली तसंच्या तसं.